बातमीची शहानिशा घरापासून



कौशाला राहणाऱ्या आमच्या एका वाचक भगिनीने सांगितलेला एक प्रसंग मनातून जात नाही. या बाई रोज सकाळी मुंब्र्याहून धीम्या लोकलने नोकरीला जातात. कल्याण आणि डोंबिवलीहून येणाऱ्या चार-पाच जणींचा त्यांचा गट आहे. मुंब्र्याला गाडी येते तेव्हा डबा गच्च भरलेला असतो. या मैत्रिणी दारातून हात देऊन त्यांना आत ओढून घेतात. ईदला शीरखुर्म्याचा डबा डोंबिवलीला जातो, दिवाळीला चकल्यांचा डबा कौशाला येतो. असे हे सहा-सात वर्षांचे नाते.

२०२३ च्या जून महिन्यातल्या एका सकाळी डोंबिवलीच्या मैत्रिणीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यावर आदल्या रात्रीच्या टीव्हीवरील चर्चेचा तुकडा होता. “मुंब्र्यात चारशे जणांचं धर्मांतर केलं म्हणे. खरं आहे का गं?”

“खोटं आहे हे,” बाई म्हणाल्या.

“अगं, टीव्हीवर दाखवलंय.”

मग ठाणे येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

हे सांगताना बाई आम्हाला म्हणाल्या, “तिने विचारलं याचं वाईट वाटलंच. पण दिवसभर मला दुसरीच गोष्ट खात होती. मी खोटं आहे म्हणाले, पण मला तरी कुठे माहीत होतं? तिने टीव्हीवर विश्वास ठेवला आणि मी माझ्या मनावर. पुरावा दोघींकडेही नव्हता.”

या महिन्याचे सदर आम्ही या एका वाक्यावर लिहीत आहोत.

आधी त्या बातमीचे काय होते ते पाहू. उत्तर प्रदेशातील गाझियाबाद येथे ऑनलाइन गेमच्या माध्यमातून अल्पवयीन मुलांचे धर्मांतर केल्याची तक्रार दाखल झाली होती. त्या प्रकरणात मुंब्र्याच्या एका तरुणाला जून २०२३ मध्ये अटक झाली. अटक झाली ही बातमी होती आणि ती देणे वाहिन्यांचे कामच होते. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील. पण गाझियाबादच्या पोलीस तपासाचा हवाला देत लगेच एक आकडा फिरू लागला : मुंब्र्यात चारशे धर्मांतरे. एका आरोपीची बातमी बघता बघता एका गावाची बातमी झाली. स्थानिक आमदार जितेंद्र आव्हाड यांनी या आकड्याचा पुरावा द्या, अशी जाहीर मागणी केली. चारशे माणसे म्हणजे चारशे नावे, चारशे पत्ते, चारशे घरे. ती यादी आजपर्यंत आमच्या तरी पाहण्यात आलेली नाही. आकडा मात्र लोकलच्या डब्यापर्यंत पोहोचला आणि मैत्रिणींच्या मधे बसला.

मुंब्र्याला हे नवीन नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी कुटुंबे इथे येऊन राहिली. रस्ता, पाणी, वीज, इस्पितळ, बेकायदा इमारती हे इथले रोजचे प्रश्न. ४ एप्रिल २०१३ रोजी जवळच शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. यातली प्रत्येक बातमी ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण अशा सगळ्यांची होती. त्या गर्दीत हिंदू-मुसलमान सारखेच लटकतात. पण गाड्या वाढवा, दारे सुरक्षित करा या प्रश्नावर रोज रात्री तासभर चर्चा झालेली आम्हाला आठवत नाही. आमच्या गावाचे नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते ते निराळ्याच कारणांनी. पक्षपात म्हणजे दरवेळी खोटी बातमी देणे नव्हे. कोणती खरी बातमी पाच मिनिटांत संपवायची आणि कोणती कच्ची बातमी पाच दिवस ताणायची, या निवडीतही पक्षपात असतो.

असे का होते? सगळे पत्रकार आपले वैरी आहेत म्हणून, असे उत्तर आपल्या बैठकांत सर्रास दिले जाते. ते सोपे आहे, पण खरे नाही. वाहिनी जाहिरातींवर चालते आणि जाहिराती मिळतात टीआरपीवर. देशात २०२० मध्ये वीस कोटींहून अधिक घरांत टीव्ही होता. कोण काय पाहते हे मोजण्यासाठी बार्क या संस्थेची यंत्रे २०२० मध्ये सुमारे ४४,००० घरांत बसवलेली होती. म्हणजे एका यंत्राच्या घरामागे साडेचार हजारांहून अधिक घरांची आवड धरली जाई. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी असा आरोप केला की, काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला सांगितले जात होते. त्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणे थांबवले, ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पोलिसांचा तो खटला पुढे सरकारनेच मागे घेतला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला परवानगी दिली. तेव्हा आरोप सिद्ध झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण या बाजारात शांत, खरी बातमी स्वस्त आणि भांडण महाग आहे, एवढे कळायला खटल्याच्या निकालाची गरज नाही. बातमीदाराला पालघरच्या पाड्यावर पाठवायचे तर गाडी, कॅमेरा, मुक्कामाचा खर्च. सहा माणसांना चौकटीत बसवून ओरडायला लावायचे तर खर्च चहाचा.

या भांडणाचा तडाखा फक्त मुसलमानांनाच बसतो असेही नाही. १४ जून २०२० रोजी अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक महिने रिया चक्रवर्ती या तरुणीचा न्याय वाहिन्यांनीच केला. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि तिला दोषमुक्त ठरवले. पाच वर्षांपूर्वी तिला खुनी ठरवणाऱ्यांपैकी किती जणांनी तेवढ्याच मोठ्या आवाजात ही बातमी दिली? आज ती, उद्या आपण, परवा आणखी कोणी. यंत्राला रोज कोणीतरी लागतो. ज्याच्या मागे बळ कमी, तो आधी सापडतो.

आपण वारंवार सापडलो हे मात्र खरेच. त्याची नोंद आठवणीत ठेवली पाहिजे, कारण आठवण पक्की नसली की तक्रारही लटकी पडते.

२०२० च्या मार्चअखेर दिल्लीच्या तबलीगी मरकजची बातमी आली आणि पुढचे काही आठवडे एका रोगाला एका धर्माचे नाव मिळाले. कल्याण पश्चिमेच्या आमच्या एका वाचकांची फळांची गाडी आहे. वीस वर्षे ज्या सोसायट्यांत ते हाक मारून आत जात, तिथल्या फाटकावर त्यांना प्रथमच नाव विचारले गेले. “वीस वर्षं मला सगळे चाचा म्हणायचे. त्या दिवशी कळलं की माझं नाव कोणालाच माहीत नव्हतं,” असे ते हसत हसत सांगतात. त्या हसण्यामागचे दुःख लपत नाही.

१४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर गावी जाण्याच्या आशेने जमले. स्थानकाजवळ जामा मशीद आहे. काही ठिकाणी लगेच प्रश्न सुरू झाले की, मशिदीजवळच गर्दी का? मजुरांच्या हातात ना सामान, ना पैसे, पोटात भूक आणि डोक्यात गाव. पण चर्चा मशिदीची. दोनच दिवसांनी, १६ एप्रिलला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर समजून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. ही घटना भयंकर होती. तिचा निषेध करावा तेवढा थोडाच. पण तिलाही धार्मिक रंग देणे इतके सुरू झाले की, तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. एखाद्या राज्याच्या गृहमंत्र्याला आरोपींचा धर्म असा जाहीर सांगावा लागतो, तेव्हा बातम्यांची हवा किती बिघडलेली असेल याचा विचार करा.

आणि वसईची श्रद्धा वालकर. २०२२ मध्ये दिल्लीत तिचा अत्यंत क्रूर खून झाला. आरोपी तिचा जोडीदार, तोही वसईचाच, आणि मुसलमान. या गुन्ह्याबद्दल आपल्या घरांत कोणाच्याही मनात दुमत नसावे. मारली गेलेली मुलगी आपल्या शेजारच्या तालुक्यातली होती, कोणाची तरी लेक होती. जो गुन्हेगार ठरेल त्याला कायद्याप्रमाणे शिक्षा झालीच पाहिजे. पण काही वाहिन्यांनी या एका खुनावरून आंतरधर्मीय संबंधातला प्रत्येक मुसलमान तरुण कटातला भागीदार असल्याचे चित्र उभे केले.

आता इथे थांबून पुढे काय झाले ते पाहू. आपल्या बैठकांत हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

वसईच्या प्रकरणावरील त्या कार्यक्रमांविरुद्ध तक्रार झाली. ती कोणत्या संघटनेच्या मोर्चाने केली नाही, एका नागरिकाने लेखी केली. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने नेमलेल्या एनबीडीएसए या मंडळापुढे ती चालली. मंडळाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. के. सिक्री. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर आदेश आले. न्यूज१८ इंडियाला ५० हजार रुपयांचा दंड, अशाच एका कार्यक्रमाबद्दल टाइम्स नाऊ नवभारतला १ लाखाचा दंड, आज तकला रामनवमीच्या हिंसाचारावरील एका कार्यक्रमाबद्दल ताकीद आणि ते कार्यक्रम इंटरनेटवरून काढून टाकण्याचा हुकूम. मंडळाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, वाहिनीला कोणत्याही विषयावर चर्चा करण्याचा अधिकार आहे, पण काही व्यक्तींच्या कृत्यावरून सबंध समाजाला लक्ष्य करण्याचा नाही.

मरकजच्या वेळी अहमदनगर जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते गुन्हे रद्द केले. छापील आणि टीव्ही माध्यमांतून या परदेशी लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, संकटाच्या काळात त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे दिसते, असे न्यायमूर्ती नलावडे यांनी निकालात लिहिले. दुसऱ्या न्यायमूर्तींनी गुन्हे रद्द करण्याला संमती दिली, मात्र काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही असेही नोंदवले. आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. आपल्या बाजूचा निकालसुद्धा पूर्ण सांगायचा असतो, सोयीचा तेवढा नव्हे.

तिसरा निकाल १८ जानेवारी २०२१ चा. सुशांतसिंह प्रकरणातील वार्तांकनाविरुद्धच्या याचिकांवर मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता आणि न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांनी सांगितले की, तपास चालू असताना वाहिन्यांनी न्यायालयाचे काम करू नये. त्यासाठी काय टाळावे याची यादीच निकालात दिली. याचिका करणाऱ्यांत माजी पोलीस अधिकारीही होते. म्हणजे ही लढाई एकट्या मुसलमानांची नाही. कोणी ना कोणी शांतपणे कागद हातात घेऊन उभे राहिलेले आहे.

या सगळ्यात उणिवा पुष्कळ आहेत. मरकजची बातमी आठवडे चालली, निकालाची बातमी एका संध्याकाळीच संपली. फळगाडीवाल्या चाचांना फाटकावर ज्याने अडवले, त्याला हा निकाल कोणी वाचून दाखवला नाही. एक लाखाचा दंड मोठ्या वाहिनीला काहीच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीत एवढ्या दंडाने काय साधणार, असा सवाल केला होता. शिवाय सगळ्या वाहिन्या त्या मंडळाच्या सभासद नाहीत.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवू. वांद्र्याच्या गर्दीच्या वेळी एका मराठी वाहिनीच्या पत्रकाराला, राहुल कुलकर्णी यांना, अटक झाली. रेल्वेच्या अंतर्गत पत्राच्या आधारे त्यांनी गाड्या सुटण्याची शक्यता असल्याची बातमी दिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला. बातमी आवडली नाही म्हणून बातमीदाराला तुरुंगात टाका, ही मागणी आपल्या तोंडी कधी येऊ नये. आज जी बेडी आपल्याला न आवडणाऱ्या पत्रकाराच्या हातात पडते, तीच उद्या आपली बाजू मांडणाऱ्याच्या हातात पडेल. आपल्याला हवी ती चूक कबूल करण्याची, दुरुस्तीची सवय. तिच्यासाठी लागते ती तक्रार. पोलीस नव्हेत.

आता थोडे कडू बोलू. कौशाच्या बाईंनी जे स्वतःबद्दल सांगितले, ते आपण सगळ्यांनी आपापल्या मनाला विचारावे.

टीव्हीवरचा विश्वास उडाला म्हणून आपल्या कितीतरी घरांत बातम्या लावणे बंद झाले. इथपर्यंत ठीक. पण त्या रिकाम्या जागी काय आले? व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज, यूट्यूबवरचे कोणीतरी भाऊ, ना पत्ता, ना संपादक, ना तक्रारीची जागा. वाहिनी मुसलमानांना घाबरवून टीआरपी मिळवते, तर हे महाशय मुसलमानांना मुसलमानांविषयीच घाबरवून लाइक मिळवतात. टीव्हीला आपण विचारतो, पुरावा काय? यांना विचारत नाही, कारण हे आपल्या बाजूचे बोलतात.

त्याची किंमत मोजली आहे आपण. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. लशीचे डोस चुकण्यामागे कोरोनाकाळात विस्कटलेली आरोग्यव्यवस्था होती, गरिबी होती, सततचे स्थलांतर होते. पण लशीविषयीच्या अफवाही होत्या, आणि त्या कोणा वाहिनीने पसरवल्या नव्हत्या. आपल्याच फोनवरून आपल्याच फोनवर गेल्या होत्या. एका मुलाच्या जिवापुढे आपल्या सगळ्या तक्रारी लहान आहेत.

१ जुलै २०१८ ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. मुले पळवणाऱ्या टोळीचा संदेश महाराष्ट्रभर फिरत होता. त्या दिवशी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच रात्री मालेगावच्या आझादनगर भागातही परगावच्या पाच जणांभोवती जमाव जमला, त्यांच्यात एक लहान मूलही होते. तिथे मात्र स्थानिक माणसाने त्यांना घरात घेतले, पोलीस मधे उभे राहिले आणि पाचही जीव वाचले. संदेश तोच, तारीख तीच. फरक पडला तो कोणीतरी दार उघडून क्षणभर थांबल्यामुळे. जमाव आपला होता हेही खरे आणि दार उघडणाराही आपलाच होता हेही खरे. आपण यांपैकी कोण व्हायचे?

आपल्या दीनने याचे उत्तर फार आधी दिले आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये ताकीद आहे की, बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल. हा हुकूम इतरांनी आपल्याविषयीच्या खबरी तपासाव्यात एवढ्यासाठी नाही. तो आधी आपल्यासाठी आहे. जो स्वतः शहानिशा करीत नाही, त्याने वाहिनीकडे पुरावा मागितला तर त्याच्या शब्दाला वजन कुठून येणार?

म्हणून घराघरांत करता येतील अशा काही गोष्टी सुचवतो. यांतली एकही अवघड नाही.

पहिली गोष्ट, कोणतीही बातमी समोर आली की तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले का, की ऐकले? दुसऱ्या बाजूला विचारले का? मुलांना हे प्रश्न जेवताना शिकवावेत. आठवी-नववीतली मुले तर यात आपल्यापेक्षा तरबेज होतात. पट्टीवर प्रश्नचिन्ह टाकून दिलेली बातमी म्हणजे बातमी नव्हे, हे त्यांना एकदा दाखवा, पुढे ती तुम्हाला दाखवतील.

दुसरी, जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतात. व्हिडिओतल्या पाट्या, वाहनांचे नंबर, लोकांची भाषा पाहिली तरी अर्धे खोटे तिथेच उघडे पडते. नक्की कळले नाही तर पुढे पाठवू नये. पाठवले नाही म्हणून आजवर कोणाचे नुकसान झालेले नाही.

तिसरी, वाहिनीवर चुकीचे काही दिसले तर शिव्याशाप न देता नोंद करावी. वाहिनीचे नाव, कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, निवेदकाचे नाव आणि नेमके आक्षेपार्ह वाक्य. शक्य असेल तर चित्रफीत जपून ठेवावी. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार पहिली तक्रार वाहिनीकडेच करायची असते. तिने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वयंनियमन मंडळाची सभासद असेल त्याच्याकडे जाता येते आणि त्याच्यापुढे केंद्र सरकारची यंत्रणा आहे. उशीर मात्र करू नये. कार्यक्रम झाल्यावर आठवड्याच्या आत तक्रार गेलेली बरी. मजकूर मराठीत तयार करून घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून इंग्रजीत करून घेतला तरी चालेल. वकील लागत नाही. राग आणि विशेषणे काढून टाकावीत, वाक्ये आणि वेळा ठेवाव्यात. मुंब्रा, कल्याण, भिवंडी इथल्या मशिदी, शाळा, महिला मंडळे यांनी दोन-दोन तरुणांवर एवढीच जबाबदारी टाकली तरी वर्षभरात किती कागद उभे राहतील!

चौथी, चांगल्या बातमीला दाद द्यावी. खरे, तपासून, दोन्ही बाजूंना विचारून वार्तांकन करणारे मराठी पत्रकार आहेत. त्यांना आपण कधी दोन ओळी लिहितो का? त्यांच्या वाहिनीला कळू द्या की, अशा बातमीलाही प्रेक्षक आहे. आपल्या वस्तीतला नाला, शाळेची गळती, दवाखान्यातली रांग यांची माहिती त्यांना आपणच पुरवली पाहिजे. आपण बोलावले नाही तर कॅमेरा त्याला हवे तेव्हाच येणार.

पाचवी आणि आमच्या मते सर्वांत मोठी, माणसे जोडून ठेवावीत. कल्याणजवळच्या मलंगगडाचेच पाहा. टीव्हीवर तो नेहमी दोन गटांच्या भांडणाचा गड असतो. पण हाजी मलंग बाबांच्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या हिंदू ब्राह्मण कुटुंबाकडे आहे, हे गड चढणाऱ्याला ठाऊक असते. पडद्यावरून चुकून झालेली ओळख मोडायची तर समोरासमोरची ओळख लागते. ती लोकलच्या डब्यात आहे, फळगाडीवर आहे, शाळेच्या पालकसभेत आहे. वाहिनीचा आवाज तिथपर्यंत जातो, तसा आपलाही जाऊ द्या.

कौशाच्या बाई त्या प्रसंगानंतर दोन दिवस दुसऱ्या डब्यातून गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या डब्यापाशी उभ्या राहिल्या. नेहमीचा हात पुढे आला. आत गेल्यावर त्यांनीच विषय काढला. “परवा मी खोटं आहे म्हणाले. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. आपण दोघी मिळून शोधू या का? चारशे जण कोण, कुठले, आकडा दिला कोणी?” मग दोघींनी फोनवर शोधायला सुरुवात केली. एका बातमीत दुसऱ्या बातमीचा हवाला, दुसरीत तिसरीचा. ठाणे आले तरी एकही नाव सापडले नाही.

“मला वाटलं, टीव्हीवर आलं म्हणजे कोणीतरी बघूनच सांगितलं असेल,” मैत्रीण म्हणाली.

“मलाही परवापर्यंत वाटायचं, आपल्या लोकांच्या ग्रुपवर आलं म्हणजे बघूनच टाकलं असेल,” बाई म्हणाल्या.

दोघी ठाण्याला उतरल्या. या वर्षीही डबा डोंबिवलीला गेला, असे त्यांनी कळवले आहे.